तंबाखूविरोधी काम करणाऱ्या ट्रस्टचा कॉर्पस: इंडेक्स फंड, सिगारेट कंपनीचे शेअर आणि कलम ३५

कृष्णाकाठ_विश्वस्त (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टसाठी विचारतोय. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना उपचाराच्या काळात प्रवास आणि राहण्याचा खर्च देणं, शाळाशाळांतून तंबाखूविरोधी कार्यक्रम घेणं, ही दोन कामं. आयकरातल्या १२एबी (ट्रस्टला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या दोन्ही नोंदण्या आहेत. कॉर्पस, म्हणजे न मोडता ठेवायचा मूळ निधी, ३ कोटी रुपये. त्यातले २ कोटी ३० लाख राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, ५० लाख तालुक्याच्या नागरी सहकारी बँकेत (शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतली, नाही), २० लाख एका पतसंस्थेत. वर्षाचा खर्च साधारण १८ लाख, तो व्याजातूनच भागतो.

आता तीन विषय पुढे आलेत. एका विश्वस्तांचं म्हणणं, १ कोटी निफ्टी ५० इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाकावेत, नाहीतर महागाई कॉर्पस खाऊन टाकेल. पण निफ्टीत आयटीसी ही सिगारेट बनवणारी कंपनी आहे. दिवसा शाळेत जाऊन सिगारेट नको म्हणायचं आणि ट्रस्टचे पैसे सिगारेट कंपनीत ठेवायचे, हे बाकीच्यांना पटत नाही. दुसरं, एका हितचिंतकांनी मृत्युपत्रात संस्थेला काही शेअर ठेवलेत, त्यातही एका सिगारेट कंपनीचे आहेत. घ्यायचे की नाकारायचे? आणि तिसरं, नुसतं 'वाईटात नको' एवढ्यावर न थांबता कॉर्पसच्या पैशाने संस्थेच्या उद्दिष्टाला हातभार लागेल असं काही करता येतं का?

आमचे सीए म्हणतात, आयकराच्या कलम ११(५) मध्ये (ट्रस्टचा पैसा कुठे ठेवता येतो त्याची यादी) म्युच्युअल फंड बसतो, त्यामुळे अडचण नाही. एवढं पुरेसं आहे का?

---

धर्मादाय_कामकाज

पुरेसं नाही. महाराष्ट्रातल्या ट्रस्टच्या पैशाला दोन चाळण्या आहेत आणि दोन्हींतून उतरलं तरच गुंतवणूक चालते. एक आयकराची, दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३५ ची. बहुतेक सीए पहिली नेमकी सांगतात आणि दुसरीशी येऊन घोडं अडतं.

कलम ३५ म्हणतं की लगेच खर्च न होणारा पैसा शेड्यूल्ड बँकेत, पोस्टाच्या बचत बँकेत, राज्य शासनाने या कामासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत किंवा 'सार्वजनिक रोख्यां'त (सरकारचे, स्थानिक संस्थांचे रोखे) ठेवायचा. ट्रस्टच्या घटनेत वेगळं लिहिलेलं असलं तरी हेच बंधन लागू. स्थावर मालमत्तेच्या पहिल्या गहाणाची एक जुनी सवलत आहे, ती आज कोणी वापरत नाही. याव्यतिरिक्त कुठेही पैसे घालायचे तर धर्मादाय आयुक्तांचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश लागतो. म्युच्युअल फंड आयकर नियम १७सी मुळे पहिल्या चाळणीतून उतरतो, पण तेवढ्याने कलम ३५ ची परवानगी मिळत नाही. आयुक्तांचा जो आदेश तुमच्या गुंतवणुकीला लागू पडतो त्याची प्रत फाइलला हवी. तसा नसेल तर विशेष परवानगीचा अर्ज करा. सोबत विश्वस्तांचा ठराव, परिशिष्ट १ चा उतारा (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद), घटनेची प्रत, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि योजनेचं नाव, रक्कम, कारण नीट मांडलेलं टिपण जोडा. 'म्युच्युअल फंडात गुंतवणुकीस परवानगी मिळावी' असा मोघम अर्ज हमखास प्रश्न घेऊन परत येतो.

हे कागदी वाटेल, पण १९५१ च्या नियमांतल्या नियम १९ प्रमाणे तुमच्या ऑडिटरला दरवर्षी लिहावं लागतं की कलम ३५ विरुद्ध गुंतवणूक झाली आहे का. नुकसान झालं तर कलम ४० आणि ४१ खाली ते विश्वस्तांकडून व्यक्तिशः वसूल होऊ शकतं.

म्हणून इंडेक्स फंडाच्या आधी ते पतसंस्थेतले २० लाख बाहेर काढा. पतसंस्था ही बँक नाही. ती कलम ३५ मध्ये बसत नाही, ११(५) मध्येही बसत नाही, आणि तिथल्या ठेवीला विमाही नाही. सहकारी बँकेतल्या ५० लाखांचं: ११(५) ला ती चालते, पण बिगर-शेड्यूल्ड असल्यामुळे कलम ३५ साठी शासनाची मान्यता आहे का हे बँकेकडून लेखी मागा.

आणि मान्यता असली म्हणजे पैसे सुरक्षित झाले असंही नाही. पीएमसी ही सहकारी बँक शेड्यूल्ड होती. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून १,००० रुपयेच काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्के वर्षाला १ टक्का लाभांशाच्या बेमुदत प्रेफरन्स शेअरमध्ये गेली आणि २० टक्के इक्विटी वॉरंटमध्ये (पुढे शेअर मिळण्याचा हक्क). व्यक्तींना टप्प्याटप्प्याने का होईना, पैसे मिळण्याची वाट ठेवली होती. संस्थांच्या वाट्याला हे आलं. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा मिळून, ५ लाख रुपये. तुमच्या ५० लाखांपैकी ४५ लाख उघड्यावर आहेत. रुग्णांचे पैसे अडकू न देणं हा जबाबदार गुंतवणुकीचा पहिला भाग आहे, तंबाखू त्यानंतर.

---

ताळेबंद_वाचक

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी आकडे आणि आयकराची बाजू मांडतो. कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले देतोय, कारण तुमच्या जुन्या आदेशांवर आणि ऑडिटवर तेच आहेत; १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, त्यात क्रमांक बदललेत.

महागाईबद्दल त्या विश्वस्तांचं म्हणणं खरं आहे. ३ कोटींवर ७ टक्के धरले तर २१ लाख व्याज. करसवलत टिकवायला त्यातले किमान ८५ टक्के, म्हणजे १७ लाख ८५ हजार उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत. उरलेले ३ लाख १५ हजार बाजूला टाकता येतात, ते कॉर्पसच्या १.०५ टक्के. दहा वर्षं असंच केलं तर कॉर्पस साधारण ३ कोटी ३३ लाख होईल, पण महागाई ५ टक्के राहिली तर त्याची खरेदीशक्ती आजच्या २ कोटी ४ लाखांएवढी. म्हणजे नुसत्या एफडीवर राहिलात तर दहा वर्षांत तिसरा हिस्सा जवळजवळ गेला. यालाही सुरक्षित म्हणण्याची सवय आपल्याकडच्या ट्रस्टना आहे आणि ती मोडली पाहिजे.

पण १ कोटी इक्विटीत हा आकडा चुकीचा आहे. उरलेल्या २ कोटींवर व्याज १४ लाख येईल, खर्च १८ लाख आहे. दरवर्षी ४ लाखांचे युनिट विकावे लागतील, बाजार पडलेला असला तरी. १८ लाख व्याजातून यायला ७ टक्क्यांनी साधारण २ कोटी ५७ लाख लागतात. त्यामुळे तुमची मर्यादा ४० लाखांच्या आसपास. व्याजदर ६ वर आले तर ३ कोटी जिथल्या तिथे ठेवूनच १८ लाख मिळतात, हेही ध्यानात ठेवा. अशा वेळी इक्विटीत घातलेल्या ४० लाखांमुळे वर्षाला २ लाख ४० हजारांची तूट येईल. तेवढ्यासाठी दीड-दोन वर्षांची तूट भरून निघेल एवढी रक्कम, ५ लाख धरा, अल्प मुदतीत वेगळी ठेवायची.

फंड घेतला तर ग्रोथ पर्याय (लाभांश न वाटता फंडातच ठेवणारा) आणि डायरेक्ट प्लॅन (दलालाविना थेट घेतलेला) घ्या. ग्रोथमध्ये दरवर्षी उत्पन्न धरलं जात नाही, त्यामुळे ८५ टक्क्यांचा प्रश्न विक्रीपर्यंत येत नाही. विकल्यावर ११(१ए) प्रमाणे विक्रीची पूर्ण निव्वळ रक्कम दुसऱ्या भांडवली मालमत्तेत गेली तर नफा उद्दिष्टावर खर्च झाला असं मानतात. सहा महिने किंवा जास्त मुदतीची बँक एफडी त्याला चालते, १९७५ ची सीबीडीटीची (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची) सूचना आहे. नेहमी होणारी गडबड अशी की फक्त नफा गुंतवतात आणि मुद्दल चालू खात्यात राहतं. पूर्ण रक्कम गेली नाही तर सवलतही पूर्ण मिळत नाही.

शेअरचं. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या सोडल्या तर थेट शेअर ११(५) मध्ये बसत नाहीत, मग सिगारेटचे असोत की साबणाचे. देणगी म्हणून आले तर ज्या आर्थिक वर्षात आले ते संपल्यापासून एक वर्षात विकायचे. जून २०२६ मध्ये आले तर ३१ मार्च २०२८ ही शेवटची तारीख. त्यानंतर ठेवले तर १३(१)(डी) चा (यादीबाहेरच्या गुंतवणुकीला मनाई करणारं कलम) भंग होतो आणि त्यातून येणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के दराने कर. नाकारू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मृत्युपत्रातल्या देणगीत ८०जी चा प्रश्नच येत नाही. शेअर ट्रस्टच्या नावावर घ्या, ३० दिवसांत सगळे विका, रक्कम परवानगीच्या जागी गुंतवा. सिगारेटमधून आलेला पैसा त्याच सिगारेटने आजारी पडलेल्या माणसाच्या एसटीच्या तिकिटाला गेला तर त्यात मला गैर काही दिसत नाही. मृत्युपत्रात 'कॉर्पससाठी' असं स्पष्ट लिहिलेलं आहे का तेवढं पाहा. असेल तर २०२१ पासूनच्या तरतुदीनुसार ती रक्कम कॉर्पसच्या नावाने वेगळी ओळखता येईल अशी गुंतवायची, सर्वसाधारण एफडीत मिसळायची नाही.

हयात देणगीदार असते तर हिशेब वेगळा. त्यांनी विकून धनादेश दिला तर ८०जी मिळते, पण भांडवली नफ्याचा कर त्यांना. शेअर म्हणून दिले तर वस्तुरूप देणगी, ८०जी नाही.

---

रोखे_आणि_फंड

तंबाखूच्या मुद्द्यावर येतो. हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखू कंपन्यांचे शेअर का धरावेत, यावर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती.

साधा निफ्टी ५० इंडेक्स फंड घेतलात तर आयटीसी घ्यावाच लागतो. इंडेक्स फंडाला नको म्हणता येत नाही. म्हणून लोक 'ईएसजी' (पर्यावरण, समाज, कारभार पाहून गुंतवणूक) शब्द पाहून फंड घेतात आणि तिथे फसतात. सेबीने जुलै २०२३ मध्ये ईएसजी योजनांचे सहा प्रकार केले. त्यातला 'एक्सक्लूजन' म्हणजे ठरावीक धंदे वगळणारा. 'इंटिग्रेशन' किंवा 'बेस्ट इन क्लास' प्रकारात पर्यावरण, कामगार, कारभार यांचे गुण चांगले असले तर तंबाखू कंपनीही राहू शकते, कारण सिगारेट बनवणारा कारखाना पाणी आणि वीज उत्तम वाचवू शकतो. योजनेच्या माहितीपत्रकात वगळलेल्या धंद्यांची यादी शब्दशः वाचा. शरिया निकषांचे फंड तंबाखू आणि दारू दोन्ही वगळतात, पण व्याजाचा धंदा म्हणून बँकाही वगळतात, त्यामुळे त्यांची चाल निफ्टीपासून बरीच वेगळी राहते. ते मान्य असेल तर पर्याय चांगला आहे.

तपासणी अवघड नाही. प्रत्येक फंड कंपनी महिना संपल्यावर दहा दिवसांत पूर्ण पोर्टफोलिओची एक्सेल फाइल संकेतस्थळावर टाकते. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये ती उतरवून घ्या, नावं शोधा, छापून ठराववहीत लावा.

धोरण लिहिताना तुमच्यासाठी एक खास गोष्ट: नुसतं 'तंबाखू' लिहू नका. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात टाकलंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाला यांवर बंदी आहे, तरी पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी जोडी विकली जाते. तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेच्या यादीत सिगारेट, विडी, जर्दा, गुटखा, तंबाखूचं पान, पानमसाला आणि प्रक्रिया केलेली सुपारी ही नावं हवीत.

आता तुमचा तिसरा प्रश्न. केंद्र सरकारचे सॉव्हरिन ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामांसाठी काढलेले सरकारी रोखे) पाहा. पहिला लिलाव २५ जानेवारी २०२३ ला झाला, ५ वर्षांचा ७.१० टक्क्यांनी आणि १० वर्षांचा ७.२९ टक्क्यांनी. हा केंद्र सरकारचा रोखा असल्याने कलम ३५ चा 'सार्वजनिक रोखा'ही आहे आणि ११(५) मध्येही बसतो. कुणाची वेगळी परवानगी नको. पैसा कुठे जाणार नाही याची यादी सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या चौकटीत आहे आणि त्यात तंबाखू, दारू, शस्त्रं, जुगार नाव घेऊन वगळलेत. व्याज दर सहा महिन्यांनी. उणी बाजू अशी की साध्या सरकारी रोख्यापेक्षा व्याज किंचित कमी आणि बाजारात व्यवहार तुरळक, त्यामुळे मुदतीपर्यंत धरायची तयारी असलेलाच पैसा त्यात घाला. व्याजदर वाढले की मधल्या काळात बाजारभाव उतरतो. ते पाहून घाबरून विकणं हे ट्रस्टमध्ये होणारं खरं नुकसान.

महापालिकेच्या रोख्यांचा मोह होईल. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी ७.५९ टक्क्यांनी उभे केले होते. काम डोळ्यासमोर दिसणारं. पण गंमत नव्हे, खरी अडचण आहे: स्थानिक संस्थेचा रोखा कलम ३५ ला चालतो, आणि सरकारची पूर्ण हमी नसेल तर ११(५) ला चालत नाही. इरेडासारख्या (अक्षय ऊर्जेला कर्ज देणाऱ्या) सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीच्या रोख्याचं नेमकं उलट: ११(५) ला चालतो, कलम ३५ साठी आदेश पाहावा लागतो.

---

ताळेबंद_वाचक

वरच्यात एक भर. ग्रीन बाँड स्वच्छ आहेत, पण त्यांनी तुमच्या रुग्णांचं काही भलं होत नाही. उद्दिष्टाला थेट लागणारा पैसा हवा असेल तर बिनव्याजी परतफेडीची मदत हा मार्ग जास्त उपयोगी. सीबीडीटीच्या २४ जानेवारी १९७३ च्या परिपत्रक १०० प्रमाणे शिक्षणासाठी दिलेली परतफेडीची शिष्यवृत्ती देताना खर्च धरली जाते आणि परत आली की त्या वर्षाचं उत्पन्न. रुग्ण घरात कमावता असेल तर मुलांचं शिक्षण आधी थांबतं, तिथे ही योजना बसते. घटनेत शैक्षणिक मदतीचं उद्दिष्ट असायला हवं, पैसा उत्पन्नातून द्यायचा, कॉर्पसमधून नाही, आणि विश्वस्तांच्या नातलगांना अजिबात नाही. कॉर्पसमधून दुसऱ्या संस्थेला किंवा बचत गटाला कर्ज देऊ नका. परदेशातल्या फाउंडेशन तसं करतात हे वाचून इथे करायला गेलं की १३(१)(डी) लागतं.

---

कृष्णाकाठ_विश्वस्त

सगळ्यांचे मनापासून आभार. पतसंस्थेचा विषय येत्या सभेतच घेतो. दोन शंका. बँकेतली एफडी तरी तंबाखूमुक्त कुठे आहे? बँक कुणालाही कर्ज देते. आणि आयटीसी हॉटेल्स आता वेगळी कंपनी आहे, ती यादीत धरायची का? रोखे घ्यायला प्रत्यक्ष कुठून सुरुवात करायची, तेही सांगा.

---

रोखे_आणि_फंड

एफडीवर तंबाखूची अट लावता येत नाही. धोरणात तसं सरळ लिहा: बँक ठेवींना ही अट लागू नाही, कारण बँकेच्या कर्जांवर ठेवीदाराचं नियंत्रण नसतं. लिहिलं नाही तर पुढच्या विश्वस्त मंडळात यावर दर सभेत वाद होईल.

आयटीसी हॉटेल्स जानेवारी २०२५ मध्ये स्वतंत्रपणे नोंदली गेली, पण साधारण ४० टक्के हिस्सा आयटीसीकडेच आहे. माझ्या मते धरा. धोरणातलं वाक्य असं ठेवता येईल: 'वरील वस्तूंचं उत्पादन करणारी कोणतीही कंपनी, तसेच अशा कंपनीकडे २० टक्के किंवा अधिक हिस्सा असलेली कंपनी वर्ज्य. वितरण व किरकोळ विक्रीतून अशा वस्तूंचं उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून जास्त असल्यास वर्ज्य. पोर्टफोलिओत वर्ज्य कंपनी आढळल्यास ९० दिवसांत बाहेर पडणे.' विक्रीला शून्य टक्के लावलंत तर किराणा विकणाऱ्या कंपन्याही बाहेर जातील आणि हातात फंडच उरणार नाही. मात्र बऱ्याच योजनांत वर्षाच्या आत बाहेर पडलं तर एक्झिट लोड (बाहेर पडण्याचं शुल्क) लागतो. तो किती ते घेण्याआधी पाहा.

रोख्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट खातं व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टला नाही. फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँडही व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांपुरते. ट्रस्टच्या नावाने डीमॅट उघडून बँक किंवा ब्रोकरमार्फत लिलावात बिनस्पर्धात्मक बोली (भाव न सांगता फक्त रक्कम सांगायची) लावायची. किमान १०,००० रुपये, एका लिलावात एका रोख्यासाठी कमाल २ कोटी, आणि लिलावात ठरलेला सरासरी दर मिळतो. छोट्या रकमेला बाजारातून घेण्यापेक्षा हे बरं, कारण तिथे सुट्या लॉटला भाव चांगला मिळत नाही.

---

धर्मादाय_कामकाज

डीमॅटच्या अर्जाआधी परिशिष्ट १ चा ताजा उतारा काढून बघा. त्यावर आजच्या विश्वस्तांची नावं हवीत. बहुसंख्य ट्रस्टमध्ये कलम २२ चा बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद) ९० दिवसांत दिलेला नसतो किंवा दिलेला असून प्रलंबित असतो, उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावं तशीच, आणि बँक केवायसीला तिथेच थांबवते. प्रलंबित असेल तर बदल अर्जाचा क्रमांक आणि पोच लावून विचारा, काही बँका ते मान्य करतात. मृत्युपत्रातले शेअर घ्यायलाही हेच डीमॅट लागणार आहे, तेव्हा सभेत पतसंस्थेच्या ठरावासोबत सह्यांच्या अधिकाराचा ठराव त्याच दिवशी करून घ्या.